मागचा पाय बोलत नाही

ओकादाकाका पहिल्यांदा माझ्या मागून चालायला लागले तेव्हा मला वाटलं, हा माणूस माझं पाकीट मारणार.

शुक्रवारची सकाळ होती. कतारमधल्या अल वक्रात आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर एक बकाला आहे. बकाला म्हणजे आपलं किराणा दुकान. तिथून कांदे, दूध आणि कोथिंबीर घेऊन मी निघालो होतो. चालता चालता लक्षात आलं, आज आपली पावलं जरा जाड वाजताहेत. मी थांबलो, आवाज थांबला. मी डावा पाय टाकला, मागे कुणीतरी डावाच टाकला. गर्रकन वळून पाहिलं तर पांढऱ्या केसांचा एक बुटका जपानी म्हातारा. कमरेत वाकलेला आणि नजर माझ्या टाचांवर. चोर असता तर पळाला असता. हा नमस्कारासाठी आणखी खाली वाकला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "माफ करा. तुमचा उजवा पाय घाई करतो."

मी मेसईदच्या खत कारखान्यात मेंटेनन्स इंजिनीअर आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो, कारण त्या पायरीपर्यंत मला पोचवायला माझ्या वडिलांनी परभणीच्या मोंढ्यात पाठीवरून पोती वाहिली आहेत. अशा माणसाला भर रस्त्यात कुणी चालण्यात चूक दाखवली तर राग येणारच. घरी येऊन मी बायकोला तणतणत सगळं सांगितलं. सुनंदा कोथिंबीर निवडत म्हणाली, "लग्न झाल्यापासून मी काय वेगळं सांगतेय?"

म्हातारा आमच्याच मजल्यावर राहायला आला होता. त्यांची मुलगी मिचिको एका गॅस कंपनीत इंजिनीअर, आणि बायको वारल्यावर तिने वडिलांना इकडे आणलेलं. सुनंदाने दुसऱ्याच दिवशी त्यांना 'काका' करून टाकलं. आमच्याकडे माणूस जपानचा असो की जिंतूरचा, वय झालं की काका.

काका लिफ्टमध्ये कधीही आधी शिरत नसत. दार उघडलं की हाताने खूण करायचे आणि म्हणायचे, "आधी पुढचा." लिफ्टपाशी आपण दोघंच असलो तरी ते मागेच. एकदा दुसऱ्या मजल्यावरचे मुकादमभाई आणि ते समोरासमोर आले. मुकादमभाई रत्नागिरीचे, शिपिंगच्या ऑफिसात, आणि पाहुण्याला आधी जाऊ देण्यात रत्नागिरीकर काही कमी नाहीत. "आप पहले." "आधी पुढचा." "अरे चाचा, आप बुजुर्ग." लिफ्ट दोनदा रिकामी वर जाऊन आली. शेवटी दोघेही जिन्याने चढले, मुकादमभाई पुढे, काका मागे, पावलात पाऊल.

माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. टाचा राहायच्या. कोण आजारी आहे, कोणाचं बायकोशी वाजलंय, कोणाला बढती मिळालीय, हे ते मागून बघून सांगायचे आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. मुकादमभाईंनी ईदला नवे बूट घेतले. दुसऱ्या दिवशी काकांनी त्यांना खाली दारात पाहिलं, मान खाली घालून बूट न्याहाळले आणि एखाद्या परक्याला करावा तसा नमस्कार करून आपलं नाव पहिल्यापासून सांगितलं. मुकादमभाई बिचारे माझ्याकडे येऊन म्हणाले, "जाधव, म्हाताऱ्याचा काहीतरी स्क्रू ढिला हाय. काल माझ्या घरी शेवया खाल्ल्यान, आज विचारतोय तुम्ही कोण."

आमच्याकडे सत्यनारायण होता तेव्हा काका काळा टी-शर्ट घालून आले. पूजेला काळं घालून येतात होय, म्हणून दोघी-तिघींनी नाकं मुरडली. ते माझ्या पाठीशी पाटाला लागून बसले. गुरुजींनी 'फुलं' म्हणायच्या आत फुलं माझ्या हातात. 'अक्षता' म्हणायच्या आत अक्षता. निरांजन विझायला आलं तर तुपाची वाटी आपली आपण पुढे सरकलेली. पूजा झाल्यावर सगळ्यांनी सुनंदाचं कौतुक केलं, किती नीटनेटकी तयारी म्हणून. मी काकांचे आभार मानायला गेलो तर ते मनापासून दचकले. म्हणाले, "मी नव्हतोच तिथे."

आणि घोडे. दोह्याच्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, पोलीस घोड्यावरून फिरतात. त्या उमद्या अरबी घोड्यांच्या पुढे उभं राहून लोक फोटो काढतात. काका मागे जाऊन उभे राहायचे. हात पाठीवर, कपाळाला आठ्या, नवरी बघायला आलेल्या मामासारखे. एका पोलिसाने हटकलं. काकांनी इंग्रजीत सांगून पाहिलं, जमेना. मग त्यांनी फुटपाथवरच गुडघे वाकवले, पाठ आडवी केली आणि घोडा झाले. नुसते घोडा नाही, दमलेला घोडा, माशी बसलेला घोडा, समोर घोडी दिसलेला घोडा. आणि सगळं फक्त मागच्या दोन पायांनी. पोलीस हसून हसून खोगीरावर आडवा झाला. त्याने आम्हाला करक, म्हणजे इकडचा कडक दुधाचा चहा पाजला आणि निघताना काकांना सलाम ठोकला. काका माझ्या कानात म्हणाले, "पुढचे पाय चांगले आहेत त्याच्या घोड्याचे. मागचे आळशी. पगारी."

बातमी काढली ती मुकादमभाईंनीच. "जाधव, तो साधा म्हातारा नाय. नट आहे. जपानात ते चेहरे रंगवून मोठमोठे झगे घालून नाटक करतात ना, काबुकी, त्यातला." त्यांनी फोनवर चित्रं दाखवली. पांढराफटक चेहरा, त्यावर लाल रेघा, डोळे वटारलेले, पाय फाकवून उभा एक वीर. एवढा मोठा कलावंत, आणि मी त्याला पाकीटमार समजलो.

सुनंदाने त्यांना चहाला बोलावलं. शंकरपाळ्यांची बशी पुढे ठेवून मी आदराने विचारलं, तुमचं एखादं चित्र असेल तर दाखवा. काकांनी फोन काढला. रंगमंचावर चिलखत घातलेला एक सरदार काळ्या घोड्यावर बसून तलवार उगारत होता. आम्ही दोघं एकदमच म्हणालो, वा. काकांनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, सरदार वरून निघून गेला, खोगीर निघून गेलं, आणि पडद्यावर घोड्याचा मागचा डावा गुडघा उरला.

"हा मी," काका म्हणाले.

सुनंदाने चहाचा कप तोंडाला लावून ठेवला तो बराच वेळ काढला नाही. हसू लपवायला तिच्याकडे तेवढंच होतं. काका मात्र रंगात आले. म्हणाले, कॉलेजात नापास झालेला माणूसही आमच्याकडे राजा होऊ शकतो, जर राजाच्या घरात जन्मला तर. काबुकीतल्या मोठ्या भूमिका घराण्यांच्या. बाप जे नाव लावायचा तेच नाव पुढे मुलगा लावतो, नातू लावतो. काकांचे वडील गावात छत्र्या दुरुस्त करायचे. पोरगं नाटक बघून आलं आणि हट्ट धरून बसलं. एका मोठ्या नटाने शिष्य म्हणून घेतलं खरं, पण छत्रीवाल्याच्या पोराला राजा कोण करणार? आधी ते सैनिक होते. नायकाने नुसता हात झटकला की कोलांटी मारून पडणारे. मग काळे कपडे घालून नटाच्या मागे बसणारे, त्याच्या हातात पंखा देणारे, पाठीमागून झगा सावरणारे. काळं घातलेला माणूस रंगमंचावर नाही असं धरूनच प्रेक्षक नाटक बघतात. सत्यनारायणाचा उलगडा मला तेव्हा झाला. आणि मग घोडा. दोन माणसं, एक सांगाडा, वर मखमल. पुढच्याला घोड्याच्या मानेतल्या फटीतून जरा दिसतं. मागच्याला काहीच दिसत नाही. त्याला दिसतात फक्त पुढच्याच्या टाचा.

"आयुष्यभर?" मी विचारलं.

"आयुष्यभर," काका म्हणाले. इतक्या अभिमानाने तर मी माझी डिग्रीही सांगत नाही.

त्यांचा एक नियम होता, आणि तो ते शंकरपाळ्यांसारखा कुणाच्याही हातावर ठेवायचे. मागचा पाय बोलत नाही. पुढच्याच्या कमरेला एक पट्टा असतो, तो मागच्याने धरायचा, आणि त्यातून त्याचा श्वास ओळखायचा. पुढचा कधी निघणार, कधी वळणार, कधी थांबणार, सगळं पट्ट्यात कळतं. बोलायची गरजच काय? घरीही ते तसेच. मिचिको बोलायची, काका पट्टा धरल्यासारखे मान हलवायचे. त्यांचा पुढचा पाय म्हणजे सेइजी नावाचा एक नट होता. दोघांनी मिळून एकच घोडा वर्षानुवर्षं केला. सेइजी वारला आणि लवकरच काकांनी काम सोडलं. दुसरा पुढचा पाय मिळाला नाही का, असं मी विचारलं. ते हसून म्हणाले, "मिळाला होता. खलास." इकडे येऊन शिकलेल्या शब्दांत खलास त्यांचा लाडका होता, दाराला कडी लावावी तसा वापरायचे.

आणखी एक गोष्ट त्यांनी त्या दिवशी सांगितली. आपल्याकडे गाणं रंगलं की 'वन्स मोअर' येतो, शिट्टी येते. तिकडे नायक ऐन भरात आला की ठाण मांडून एकदम थांबतो, पुतळ्यासारखा. त्या थांबण्यात शेवटच्या रांगेतला एखादा जाणकार त्याच्या घराण्याचं नाव घेऊन खणखणीत हाक घालतो. काकांच्या गुरूच्या घराण्याचं नाव सुगिनोया. शिष्यालाही तेच नाव लागतं. सरदार घोड्यावर थांबला की 'सुगिनोया!' अशी हाक पडायची आणि घोड्याच्या पोटात ती मखमलीतून गाळून यायची.

सुनंदाने सरळच विचारलं, "काका, तुम्हाला कधी पडली?"

मी तिला डोळ्यांनी दटावलं, पण काकांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. घोड्याच्या मागच्या पायाला कोण हाक घालणार, असं म्हणून ते हसले. ओळखीच्या माणसाला सांगून ठेवायचं होतं की, असं मी सुचवलं. त्यावर मात्र त्यांनी बशी खाली ठेवली. "मागून घेतलेली हाक म्हणजे आपणच आपल्याला घातलेला हार," ते म्हणाले. मग जाता जाता दारात थांबून त्यांनी मला विचारलं, तुमच्या घराचं नाव काय? मी फ्लॅट नंबर सांगितला. ते नाही, घराचं. मी म्हणालो, आम्ही कसले घराणेवाले, आमचं घर लिंबाच्या झाडाखाली होतं म्हणून गावात सगळे आम्हाला 'लिंबाखालचे' म्हणायचे. 'ए लिंबाखालच्या, पोतं उचल.' तेवढ्याच कामाला ते नाव. काकांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग स्वतः पुटपुटत पुटपुटत त्यांच्या दारापर्यंत गेले. मला वाटलं, म्हातारा मराठी शिकतोय.

आता आमच्या मंडळाकडे वळतो. मराठी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम जवळ आला होता आणि मुलांचं नाटक बसत होतं. शत्रू चालून येतोय हा निरोप घेऊन एक मुलगी घोड्यावरून गडाच्या दारापर्यंत येते, असा प्रसंग. ती मुलगी म्हणजे आमची लेक ओवी. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते, पण पाठांतर चोख. घोडा म्हणून मंडळाने काठीला पुठ्ठ्याचं तोंड लावलं होतं. सुनंदाने चहा देता देता हे काकांना सांगितलं, आणि काका उठून उभेच राहिले.

मंडळाचे अध्यक्ष केळकर, पुण्याचे. त्यांना मी फोन केला तर ते हरखलेच. जपानचे सुप्रसिद्ध नट आपल्या मंचावर! संध्याकाळपर्यंत त्यांनी ग्रुपवर लाल रेघांच्या चेहऱ्याचं कुठलं तरी चित्र टाकून 'प्रमुख पाहुणे' असं जाहीरही केलं. ते पाहून काका म्हणाले, हा चेहरा माझा नाही, मी येणार नाही. येईन तर घोड्यात, मागच्या पायात. केळकर मला म्हणाले, "अहो जाधव, प्रमुख पाहुणा घोड्याच्या मागच्या पायात कसा असेल? आम्ही हार घालायचा कुठे?"

त्याहून मोठा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. काकांनी पुढचा पाय म्हणून मला निवडलं.

मी साफ नाही म्हणालो. बी.ई. मेकॅनिकल झालेला माणूस मी, शेदोनशे लोकांसमोर घोडा होणार नाही. वडिलांनी पाठ मोडून शिकवलं ते मी पाठीवर खोगीर घ्यावं म्हणून नाही. हे सगळं काका शांतपणे ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "उन्हाळ्यात मिचिकोची बदली आहे. आम्ही परत जाणार. तिकडे आता माझ्या गुडघ्यांना कुणी घोडा देणार नाही." एवढंच. मागचा पाय बोलत नाही, पण मिचिको बोलली. लिफ्टपाशी गाठून ती मला म्हणाली, लहानपणी ती नाटकाला जायची, नटाची मुलगी म्हणून शेवटच्या रांगेत फुकट जागा मिळायची. तिथून वडील कधी दिसलेच नाहीत. ती शेपटीकडे बघून टाळ्या वाजवायची. गुडघ्यांमुळे तिचा या सगळ्याला विरोध होता, पण ती म्हणाली, एकदा होऊ दे, मुलगी हलकी आहे ना?

ओवी हलकीच आहे. मी हो म्हणालो, आणि मग जीव ओतून सांगाडा केला. ॲल्युमिनियमचे पाइप, खांद्याला फोम, भार दोघांत बरोबर वाटलेला. काकांनी तो उचलून पाहिला, हलवून पाहिला, आणि आमच्या घोड्याला एवढा चांगला सांगाडा कधी नव्हता असं म्हणाले. माझी डिग्री त्या दिवशी खऱ्या अर्थाने फळाला आली. मुकादमभाईंनी ओळखीच्या दुकानातून तपकिरी मखमल आणली, सुनंदाने लोकरीची शेपटी विणली.

दर शुक्रवारी सकाळी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर तालीम. पहिल्या दिवशी लिफ्टमधून घोडा वर नेताना नेपाळी वॉचमनने अडवलं. त्याने आत वाकून पाहिलं, चार पाय मोजले आणि गंभीरपणे सांगितलं की बिल्डिंगमध्ये जनावर ठेवायला मनाई आहे, मालकाला विचारावं लागेल.

चालणं जमलं, दुडकी चाल जमली. जमत नव्हतं ते थांबणं. गडाच्या दारात ओवी हात उंचावून 'दार उघडा' म्हणते, तेव्हा घोड्याने एक पुढचा पाय उचलून तसाच, श्वाससुद्धा न हलवता थांबायचं होतं. काकांचा सगळा जीव त्या जागेत होता. ते म्हणायचे, पळणं सगळ्यांना येतं, घोडा थांबला की घोडा दिसतो. आणि नेमका तिथेच माझा उजवा पाय घाई करायचा. टेकायचाच. मागून पट्ट्याला हलकासा हिसका बसायचा. पुन्हा. वरून ओवी सांगायची, "बाबा, यू आर शेकिंग." पुन्हा. काका एकदाही चिडले नाहीत. मला वाटायचं, चिडावं त्यांनी, कारण त्यांच्या वाट्याला घोड्याचं हे एकच थांबणं उरलं होतं आणि ते माझ्या उजव्या पायावर अवलंबून होतं.

रंगीत तालमीला केळकर आले आणि म्हणाले, हे मध्येच घोडा का थांबतो? लोकांना वाटेल, विसरला. वेळ कमी आहे, थेट आत न्या. मला काय झालं कुणास ठाऊक, मी मानेच्या फटीतून म्हणालो, "केळकरसाहेब, थांबणार. तुमचं भाषण दोन वाक्यांनी कमी करा." मागे पट्टा हलला. काका हसत होते.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेचा भाड्याने घेतलेला हॉल गच्च भरला होता. नऊवाऱ्या, फेटे, पुढच्या रांगांत मोबाइल वर धरलेले. केळकरांनी प्रमुख पाहुण्यांना मंचावर बोलावलं. प्रमुख पाहुणे घोड्यात शिरून बसले होते आणि बाहेर यायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, घोडा एकदा घोडा झाला की पडदा पडेपर्यंत घोडाच. शेवटी घोडाच मंचावर गेला. केळकरांनी घोड्याच्या पाठीवर शाल घातली. नारळ द्यायला घोड्याला हात नव्हते, म्हणून तो वर बसलेल्या ओवीने घेतला. तो ठेवायचा कुठे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे आमच्या नाटकातली शूर मुलगी एका हातात नारळ घेऊनच गडावर निरोप द्यायला निघाली. नाटक ऐतिहासिक असल्याने कुणाला त्यात खटकलं नाही.

आम्ही निघालो. आत अंधार, घाम, फोमचा वास. मागून एक श्वास, माझ्या श्वासाला लागून. विंगेतून मंचावर, एक फेरी, मग दुडकी. पोरं ओरडायला लागली, खरा घोडा, खरा घोडा. गडाचं दार आलं. ओवीने हात वर केला. मी उजवा पाय उचलला.

आणि थांबलो.

पाय घाई करायला निघाला होता, खोटं कशाला सांगू. पोटरीत गोळा येत होता. हॉलमध्ये एकदम शांत झालं. कुणाचा तरी मोबाइल वाजला आणि घाईघाईने बंद झाला. आता टेकतोच, असं वाटलं तेवढ्यात माझ्या पाठीमागे, अगदी पाठीला लागून, कुणीतरी हळूच बोललं. मखमलीच्या बाहेर जाणार नाही इतक्या हळू. पण स्पष्ट, एकेक अक्षर घासून पुसून ठेवलेलं.

"लिंबाखालचे!"

मागचा पाय बोलला होता.

आमच्या गावात ते नाव नेहमी ओझ्याच्या आधी यायचं. कौतुकाने ते घेतलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, तेही कतारमध्ये, घोड्याच्या पोटात, जपान्याच्या तोंडून. पाय कुठल्या कुठे राहिला. तो टेकायचा असतो हेच मी विसरलो. छाती भरून श्वास घेतला आणि मानेच्या फटीला तोंड लावून, मोंढ्यात हमाल एकमेकांना हाक मारतात तशी हाक मारली.

"सुगिनोया!"

हॉल दचकला. मग हशा उसळला, मग टाळ्या पडल्या त्या थांबेनात. वरून ओवी दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, हॉर्सेस डोंट टॉक." आणि आत शिरताना, ज्यांचा पाय अख्ख्या हयातीत कधी चुकला नव्हता त्या ओकादाकाकांचा मागचा डावा पाय अडखळला. माझ्या कमरेचा पट्टा त्यांनी घट्ट धरला आणि पडदा पडला तरी सोडला नाही.

नंतर एका वर्गात, लहान पोरांच्या बाकावर ते बसले होते. टॉवेलने तोंड पुसत होते. घाम आला होता खरा, पण घाम पुसायला एवढा वेळ लागत नाही. मी शेजारी बसलो. टॉवेल खाली करून ते म्हणाले, "फार मोठ्याने दिलीत. आणि किंचित उशिरा."

मी म्हणालो, "मागचा पाय बोलत नाही ना?"

"बाहेर नाही बोलत," काका म्हणाले. मग त्यांनी सांगितलं. बाहेर शेवटच्या रांगेतून वरच्या सरदाराला हाक पडायची तेव्हा घोड्याच्या आत सेइजी त्यांना हाक घालायचा, आणि ते सेइजीला. दोघांचं घर एकच, म्हणून हाकही एकच. वर बसलेल्यालासुद्धा कधी ऐकू गेली नाही. प्रत्येक खेळाला, न चुकता. सेइजी गेल्यावर दुसरा पुढचा पाय आला होता, चांगला होता. पण घोडा आतून गप्प झाला. म्हणून खलास.

तेवढ्यात मिचिको आली. दारातच उभी राहिली, डोळे लाल. काकांनी तिला जपानीत काहीतरी विचारलं. तिने मान हलवली. मी विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, "विचारताहेत, हाक शेवटच्या रांगेपर्यंत आली का. मी तिथेच बसले होते. आली."

काका माझ्याकडे वळले. "मग उशीर माफ," म्हणाले.

ओवीने नारळ त्यांच्या हातात दिला. शाल, नारळ घेऊन आम्ही सगळे पार्किंगकडे निघालो. मी काकांना पुढे व्हा म्हणालो. त्यांनी हाताने खूण केली, आधी पुढचा. गाडीपर्यंत ते माझ्या मागून चालत आले, पावलात पाऊल. उजव्या पायाबद्दल काही बोलले नाहीत.